जब्बारभाईंनी वाढलेलं जेवण

दुपारचे साडेबारा. धाराशिवच्या बाजारातलं बाइंडिंगचं दुकान, मागची खोली. खळीचा वास. तीन माणसं, तीन फडकी, सहा भाकरी. निजामाच्या राजवटीची शेवटची वर्षं.

बातमीदाराकडे दोन प्रकारचा माल साठतो. एक छापून येतो आणि दुसऱ्या दिवशी त्यात भजी बांधतात. दुसरा छापता येत नाही. कापायला संपादक नसल्यामुळे तो नुसता वाढत जातो! हे किस्से त्यातलेच. हैदराबादच्या एका बड्या हॉटेलातल्या जेवणाचे. हॉटेलचं नाव सांगत नाही. त्यांनी मला दारातून परत पाठवलं होतं, फुकट जाहिरात कशाला करू?

*

आम्ही तिघं. मी नुकताच कॉलेज करून आलेलो, सोलापूरच्या एका पत्राला चोरून बातम्या पाठवायचो. दिगंबरपंत तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातले, शाळेत मास्तर. आणि जब्बारभाई कातिब. गावातली उर्दू पत्रकं, लग्नपत्रिका त्यांच्या हातानं लिहूनच छापायला जायच्या. महिन्यातून एकदा ते कामासाठी हैदराबादला जात.

एकदा परत आले ते त्या हॉटेलचं नाव घेऊनच. मी विचारलं, "काय खाल्लं?"

"असं उभ्या उभ्या सांगतेत व्हय? बसा. हात धुवा. भाकरी सोडा. हां. आता पहिल्यांदा येतं सूप."

तेव्हापासून रिवाज पडला. जब्बारभाई एकेक पदार्थ सांगायचे आणि आम्ही त्याच्याबरोबर भाकरी-ठेचा खायचा. पहिली प्लेट उचलल्याशिवाय दुसरी मागायची नाही. वाढणाऱ्यानं शेवटी जेवायचं.

पहिल्या दिवशी पंतांच्या दोन्ही भाकरी सुपातच संपल्या!

जब्बारभाई कपाळाला हात लावून म्हणाले, "पंत, अजून चार प्लेटी बदलायच्या हायत. हॉटेल हाय ते, पंगत न्हाय!"

शेवटचं वाक्य मात्र दर वेळी एकच असायचं. "एक दिवस तिघांनी जायचं. खुर्चीवर बसायचं. त्या दिवशी म्या काही सांगणार न्हाय. तुमी नुसतं खायचं."

*

पंतांची पंचाईत वेगळीच. मुर्ग आला की ते भाकरी खाली ठेवून भिंतीकडे तोंड करायचे. जब्बारभाई दोन दिवस विचार करून आले आणि म्हणाले, "तुमच्यासाठी खिडकीपाशी बिगर-हाडकाचं टेबल लावलंय. भांडी अलग, आचारी अलग."

तरी एके दिवशी जब्बारभाईंनी बिर्याणी अशी काही वाढली की पंतांना वळायचं भानच राहिलं नाही. घरी जाऊन बायकोला म्हणाले, "आज जेवत नाही. बिर्याणी फार झाली."

माउलीनं त्यांना तसंच विहिरीवर नेऊन आंघोळ घातली!

दुसऱ्या दिवशी ओल्या शेंडीनं आले. जब्बारभाईंनी विचारलं, "पंत, आज काय वाढू?"

पंत खाली बघून म्हणाले, "कालचं उरलंय का?"

*

एका अमलदारानं डाकबंगल्यात मेजवानी दिली. आचारी खास त्या हॉटेलातून आणलेले. त्याच आठवड्यात लोकांच्या कणग्यांतली ज्वारी सरकारनं सक्तीच्या लेव्हीत उचलून नेलेली. माझं डोकं फिरलं! मी सोलापूरच्या पत्रात मेजवानी पदार्थांसकट छापून आणली. सूप, मासा, मुर्ग, बिर्याणी, खुबानीचं गोड. सगळं क्रमानं.

मी डाकबंगल्याच्या फाटकापर्यंतही गेलो नव्हतो. जब्बारभाईंनी वाढलेलं तसंच्या तसं उतरवलं, एवढंच. पत्रकारितेत हे पाप आहे. पण एक पदार्थ चुकला नव्हता!

पोलिसांच्या अमीनानं मला ठाण्यात बोलावलं. "आतली खबर कुणी फोडली?"

मी म्हणालो, "भुकेनं."

अमीनानं ते नाव लिहून घेतलं आणि विचारलं, "बापाचं नाव?"

*

मग मीच हैदराबादला गेलो. त्या हॉटेलच्या पायऱ्या चढलो. दरबानानं मला टाचेपासून वर पाहिलं. "शेरवानी नहीं, सर पे टोपी नहीं. अंदर कैसे जाते, साब?"

मी त्याच्याशी अर्धा तास भांडलो. रयतेचा हक्क सांगितला. शेवटी तो थकून म्हणाला, "भाषण का दरवाजा पीछे है."

मागच्या बाजूला खानसामा मटार सोलत बसला होता. मी धाराशिवचा म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला.

"कातिबसाब के गाँव के? हमारे दावतां के मेन्यू उनोच लिखते. इसी पायरी पे बैठ के."

"आणि जेवतात कुठं?"

"नक्को बोलते. कित्ता बी पूछो, नक्को. दोस्तां के साथ आऊँगा, बोलते."

मी परत आलो. पुढच्या दुपारी जब्बारभाईंनी सूप वाढलं. मी मान खाली घालून जेवलो.

"काय कॉलेजवाले, आज भांडण न्हाय?"

"तोंडात घास आहे," मी म्हणालो.

*

अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात जब्बारभाई हैदराबादहून आले ते हसतच. टेबल ठरलं होतं! दिवाळीनंतरचा पहिला शुक्रवार, दुपारचं जेवण, तीन खुर्च्या. खानसाम्यानं शब्द दिला होता.

सप्टेंबरात भारताचं सैन्य आलं. निजामी गेली. ज्यासाठी आम्ही भांडलो ते झालं. त्याच आठवड्यात एका सकाळी जब्बारभाई दुकानात डोकावले. लेकीला आणायला येरमाळ्याला निघाले होते. पंत म्हणाले, "चार दिवस थांबा. रस्त्यात नाव विचारून माणसं मारतायत." ते म्हणाले, "लेक घाबरली असंल. येतो परवा. भाकरी सोडू नका माझ्याबिगर."

ठरलेल्या शुक्रवारी मी आणि पंत हॉटेलात गेलो. दारात शेरवानी कुणी विचारली नाही. खानसाम्यानं आम्हाला खिडकीपाशी नेलं. तीन खुर्च्या, तीन प्लेटी. मधे जब्बारभाईंच्या हातचा मेन्यू, टेबल ठरवलं तेव्हाच लिहून ठेवलेला. पंतांना उर्दू येत होती, त्यांनी वाचला. सूप. मग बिगर-हाडकाचं सगळं. मुर्ग नाही, मासा नाही. आणि तळाशी सगळ्यात सुंदर अक्षरात: "भाकरी आपापली आणावी."

पंतांनी पिशवीतून फडकं काढलं. सहा होत्या.

सूप तिघांचं आलं. वाढणाऱ्यानं विचारलं, "तीसरे साब आ रहे?"

लेक येरमाळ्यात अजून वाट बघत होती. जब्बारभाई तिच्याकडे पोचलेच नव्हते. बोटांना शाई लागलेला माणूस, भर दिवसा, रहदारीच्या रस्त्यानं निघाला तो कुठं गेला, असा अर्ज मी कचेरीत दिला. मग दुसरा. मग तिसरा. तिन्ही अर्जांची पोच माझ्याकडे आहे. उत्तर एकाचंही नाही.