दारापेक्षा मोठा आकाशकंदील

काल नातीसोबत आकाशकंदील करायला बसलो. पिठाची खळ शिजल्याचा वास आला आणि सत्तर वर्षांपूर्वीची आमची चेंबूरची खोली आठवली.

नाना, म्हणजे माझे वडील, ऑफिसात कारकून. पण हातात कामट्या आल्या की स्वतःला इंजिनियर समजायचे. दोन दिवस कंदील बांधत होते, आम्हा भावंडांना कागदाला बोट लावू देत नव्हते. शेजाऱ्यांना मात्र ऐकवायचे, "पोरांसाठी करतोय."

मी विचारलं, "नाना, दारातून जाईल का हा?"

"गप रे! तुला काय कळतं?"

नाहीच गेला. आडवा, तिरका, उलटा, सगळं करून झालं. एक कामटी काढायला नाना तयार होईनात. मग अख्खी दिवाळी तो घरातच लटकला आणि आम्ही त्याच्याखाली वाकून चकल्या खाल्ल्या. असला आडमुठा माणूस पुन्हा पाहिला नाही, असं मी आयुष्यभर चारचौघांत सांगत आलो.

काल नात म्हणाली, "आजोबा, एक तरी शेपटी मला चिकटवू दे ना."

"थांब गं, तुला काय कळतं?" मान वर न करताच मी म्हणालो.