सरकत्या कुंड्या आणि शेपटीवाला तारा

माझं नाक जरा लांब आहे, हे आधीच सांगून टाकते. दिसायला नाही हो! शेजारी काय शिजतंय ते आमच्या पडवीत बसून ओळखणारं नाक. त्यानं मला चारचौघांत कसं तोंडावर पाडलं ते ऐका. चहा घ्या, घ्या, सांगते.

आमच्या आणि शेजारच्या बाबलभावजींच्या आवारांच्या मध्ये चिऱ्यांचा गडगा आहे, कुंपणाची भिंत हो. तो पावसाळ्यात मधोमध ढासळला. बांधायचं ठरलं होतं, पण गवंडी काही मिळेना. तोवर हद्द कळावी म्हणून मी त्या खिंडारात अबोलीच्या कुंड्या मांडल्या. इथवर सगळं गोड!

मग एका तिन्हीसांजेला बघते तर काय? त्यांची सून तेजल खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, तीन पायांवर कॅमेरा लावून उभी! आणि कॅमेऱ्याचं तोंड? सरळ आमच्या गडग्याकडे! दुसऱ्या दिवशी तेच. तीच वेळ, तीच जागा. कॅमेऱ्याचे पाय कुठे टेकवायचे तेही चुन्यानं आखलेलं!

मी आमच्या ह्यांना म्हटलं, "अहो, हद्दीचे फोटो काढतत ते! पुरावो जमवतत!"

"तुका सपान पडला काय?" पेपरातून मान वर न काढता हे म्हणाले. "पोर आकाश बघता."

"आकाश वर आसता. कॅमेरो आडवो आसा!"

आता सांगा, मी गप्प बसणार? रोज दिवेलागणीला गडग्यापाशी जायचं आणि डोकं वर काढून नजर ठेवायची. आणि जाता जाता कुंड्या त्यांच्या बाजूला वीतभर सरकवायच्या. वीतभरच हो! आपली बाजू भक्कम नको?

शेवटी एकदा राहवेना. विचारलंच, "काय गो तेजल, कसले फोटो?"

"धूमकेतू आसा काकी, थंय समुद्रावर. शेपटीवालो. रोज एक फोटो काढून सगळे जोडतलंय, मगे तो चलताना दिसतलो." मग पोर जवळ आली, आवाज बारीक केला. "मामंजींका खळ्यात मोठो हॅलोजन लावचो आसा. मी म्हणतंय, काळोख ऱ्हवांदे. तारे बघणारे पाहुणे येतले, मागच्या दोन खोलयो भाड्यान चलतल्यो. तर ते म्हणतत, तुझो तारो रोज थंयच दिसता. हलताना दाखय, मगे हॅलोजन नको."

डोळ्यांत केवढी आशा! आणि मी काय विचार केला? केवढ्या सफाईनं थाप मारते बघा! त्या दिवशी दोन विती.

रविवारी तेजलनं सगळ्यांना टीव्हीपुढे बसवलं. आम्हा दोघांनाही बोलावलं. म्हटलं, आता पुरावा काढणार. कंबर कसून गेले.

फिल्म लागली. खाली गडगा, वर संध्याकाळचं आकाश. झरझर दिवस गेले आणि संपली.

"माका काय हललेला दिसूक नाय," बाबलभावजी म्हणाले. तेजलचा चेहरा एवढासा झाला. तिनं परत लावली.

"थांब, थांब! ह्यो कुंडयो बघ!" बाबलभावजी ओरडले.

काय सांगू! माझ्या अबोलीच्या कुंड्या, वरातीला निघाल्यासारख्या, टुकटुक टुकटुक त्यांच्या आवारात शिरत होत्या! आणि मागे गडग्यावर एक डोकं. अंबाडा, गजरा, सगळं नीट. आज इथे, उद्या जरा पुढे. अख्खं घर खो खो हसायला लागलं. आमच्या ह्यांनी तर कपात तोंड घातलं ते बाहेरच काढेनात! मला वाटलं, त्या खिंडारातच स्वतःला चिणून घ्यावं.

बाबलभावजी डोळे पुसत म्हणाले, "वयनीनू, रोज सकाळी थंयसून जातंय, पण कुंडयो हलल्यो ता माका कळूक नाय!"

आणि एकदम टीव्हीकडे वळले.

"तेजल, परत लाव."

या वेळी त्यांनी वर बघितलं. ताऱ्यांच्या मधून तो शेपटीवाला रोज थोडा थोडा वर चढत होता.

"अरे! तो पण तसोच की गो! रोज इल्लो इल्लो... आणि आमका वाटता, थंयच आसा!"

आणून ठेवलेला हॅलोजन दुकानात परत गेला. मी मान खाली घालून कुंड्या परत आणल्या. तेजलला म्हटलं, "बाय, माझा डोक्या तेवढा काढून टाक."

"नको काकी! तुमच्यामुळेच तर तारो हललो!"

मागच्या खोल्या रंगवून झाल्या. परवा पहिले पाहुणे आले, कुणकेश्वरच्या देवळात जाऊन मग इकडे. मी सहज, अगदी सहज, गडग्यावरून डोकावले. पाहुणीबाई विचारत होत्या, "तो धूमकेतू आता दिसेल का हो?"

बाबलभावजी त्यांच्याशी पुस्तकातलं मराठी बोलत होते. "तो गेला. परत कधी येईल, सांगता येत नाही." मग माझ्याकडे बोट केलं. "पण ह्या आहेत ना! ह्या रोज तिन्हीसांजेला उगवतात."