आज दादाचं ‘व्हय म्हाराजा’ वेळेवर पोहोचलं

मंडळी, आज इब्रामपूरच्या आमच्या घरात मी जिंकले!

चवथीला काका गणपतीपुढे गाऱ्हाणं घालतात, म्हणजे सगळ्यांसाठी मागणं मागतात, आणि घरातल्या सगळ्यांनी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. दादा दोहाहून व्हिडिओ कॉलवर असतो. पण चवथीला गाव भरतं आणि सगळ्यांचे फोन एकाच टॉवरला लटकतात. गेल्या वर्षी गाऱ्हाणं संपून काकी करंज्या वाढताना ‘नेवऱ्यो संपल्यो काय?’ असं विचारत होती, तेव्हा कुठे दादाचं ‘व्हय म्हाराजा’ पोहोचलं. सगळे हसले. दादा नाही हसला.

यंदा मी हट्टाने राउटर बसवला. त्यात फोरजी, फाइव्हजी आणि घरचं वायफाय एकत्र जोडलं. आता कॉल तिन्ही वाटांनी विभागून जातो आणि पलीकडे पुन्हा एक होतो.

“ही डबी काय करतली गो?” काकांनी विचारलं.

“तुम्ही गाऱ्हाणं घाला!”

“परमुलखात आसलेल्या लेकराक सुखी ठेव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

काकी गोंधळली. “तो बोललो काय?”

बोलला होता. आमच्या आवाजात इतका मिसळून, की वेगळा ऐकूच आला नाही.

तुमच्या गाऱ्हाण्याला दुरून कोण होकार देतं?