मी माशायला जारचं पाणी घातलं

हे मी कुणालाच सांगितलं न्हाई. नवऱ्याला न्हाई, माहेरी आईला बी न्हाई. आता पोरगी अंगणवाडीत गेलीय, घरात कुणी न्हाई, तरी दोनदा उठून दार बघून आले. आठवीत शाळा सुटली माझी, लिहायची सवय मोडलीय — चुकलं तर चुकू द्या. पण आता थांबले तर परत माझ्याच्यानं व्हायचं न्हाई.

माझी धाकटी जाऊ हाय, स्वाती. नात्यानं मी मोठी, पण वय दोघींचं सारखंच. ती वालूरची, कॉलेज शिकलेली. लग्न होऊन मानवतला आमच्या घरात आली तर सामानात ही भलीमोठी काचेची पेटी, आन् त्यात सहा मासे. मिशीवाले. तळाची वाळू हुंगत फिरायचे, म्हाताऱ्या माणसाचं काही पडलंय आन् ते हुडकतंय, तसे. आत्या, म्हणजे आमच्या सासूबाई, म्हणल्या, "अगं, बापानं कपाट द्यायचं सोडून कालवण दिलं का तुला!" सगळे हसले. स्वाती बी हसली. मला तवाच राग आला. का आला? मला कुणी असं बोललं असतं तर मी दोन दिवस रडले असते — आन् ही हसती.

पण खरं ते न्हाई. खरं आरूचं हाय. आरू माझी पोरगी, तवा दीड वर्षाची. लय रडकी. माझ्या हातचा घास घ्यायची न्हाई, तोंड फिरवायची, थुंकायची. एक दिवस स्वातीनं तिला मांडीवर घेतलं, त्या काचेम्होरं बसवलं, आन् मासे दाखवत दाखवत अख्खी वाटी वरण-भात चारला. मग हमेशाचंच झालं. मी चुलीपाशी भाकरी थापायली, आन् तिकडून दोघींचं हसणं ऐकायली. पोरगी "आई" म्हणायच्या आधी "मिची" म्हणली — मिशीवाल्याला. सांगा, नऊ महिने पोटात कुणी वागवलं तिला?

स्वातीला पाण्याचा लय नाद. आमच्या बोरचं पाणी जड, घागरीला पांढरा थर धरतंय. जारचं फिल्टरचं पाणी हलकं. ती दोन्ही मापानं मिसळायची, आन् एका खेपेला थोडंच बदलायची. बारक्या नळीत ते पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायची, रंग बघायची. हिरवा आला की खुश. आमचे हे म्हणायचे, "वा! माणसानं बोरचं प्यायचं आन् माशानं जारचं!"

ती मला बी शिकवायची — तेच तर. "ताई, रोज पाणी सारखं राहिलं पायजे, एकदम बदललं की त्यायला सहन होत न्हाई. नुसत्या जारच्या पाण्यात दम नसतो, त्याचा पीएच घसरत जातो. पिवळा रंग आला की समजायचं, बिघडलं." दोनदा तिनं माझ्याच हातानं थेंब टाकून घेतले. आन् मला आलं. शाळेत काहीच आलं न्हाई, हे लगेच आलं.

कळलं ना तुमाला? मला येत होतं.

मग बहिणीच्या साखरपुड्याला ती चार दिवस वालूरला गेली. माशांचा जिम्मा माझ्यावर. जायच्या टायमाला आरू तिच्या पदराला धरून अशी रडली, अशी रडली — मी उचलून घेतली तर माझ्या तोंडावर चापट मारली. पोरीनं. मला.

त्याच दुपारी मी जारवाल्याला जास्तीचे जार टाकायला लावले. आत्याला म्हणलं, स्वाती न्हाई तर माशायला चांगलं पाणी घालते. "मोठ्या मनाची हायेस बाई," म्हणल्या, आन् शेजारी गेल्या. मी मगानं पाणी उपसलं. मासे बुडतील एवढंच ठेवलं, आन् वरून नुसतं जारचं ओतलं. आरू कडेवर होती. एक थेंब तरी खाली सांडला का? न्हाई. बिल्कुल न्हाई.

दुसऱ्या दिवशी नळीत थेंब टाकले. पिवळट. तिसऱ्या दिवशी लिंबावानी पिवळं. मासे सारखे वर यायले, तोंड उघडायले, परत खाली जायले. स्वाती रोज फोन करायची, "ताई, कसे हायत मासे?" मी म्हणायची, मजेत हायत. एकदा फोनवर खरं सांगितलं असतं तर वाचले असते मासे. आन् फोन ठेवून मी ती नळी धुवायची, पुसायची, जागच्या जागी ठेवायची.

चौथ्या दिवशी सकाळी सहाचे सहा वाळूवर आडवे. आरूनं काचेला बोट लावलं आन् म्हणली, "मिची जोजो."

दुपारी स्वाती आली. रडली न्हाई, नुसती खाली बसली. आमचे हे म्हणले, "हिला काय कळतंय त्यातलं, अडाणी हाय. जारचं चांगलं म्हणून घातलं असंल." एरवी हा शब्द ऐकला की मी जेवायची न्हाई. त्या दिवशी गोड लागला. मी मान खाली घातली, अडाणी झाले. आन् स्वातीनं माझा हात धरला. "चूक माझी हाय, ताई. मी तुमाला नीट सांगितलं न्हाई." नीट सांगितलं होतं — तिला बी ठाऊक, मला बी. मग मला वाचवायला म्हणली? का तिला खरंच वाटलं, मला जमलंच न्हाई? मी कधी इचारलं न्हाई. तिनं एकटक बघितलं की मी उठून कामाला लागते.

तिनं परत मासे आणले न्हाईत. आरू आता माझ्याच हातानं जेवती. मला हेच पायजे होतं.

स्वातीला सहावा महिना लागलाय. परवा गहू निवडता निवडता म्हणली, "मी नोकरीला लागले की बाळ तुमच्यापाशीच ठेवणार, ताई. दुसऱ्या कुणावर माझा इस्वास न्हाई."

मी हो म्हणलं.