मालकाच्या हाकेनं उठलेली माय

"ए सुभे! ऊठ!"

मालक उंबऱ्याबाहेरूनच ओरडला. तोंडात तंबाखूचा खर्रा. आत आला तर आमचा विटाळ होईल ना. आणि माझी मेलेली माय उठून बसली. आधी डोक्यावर पदर घेतला. म्हणाली, "आली जी, मालक."

मी तिच्या उशाशीच होते. सकाळपासून "माय, माय" करून माझा घसा बसला होता. माझ्यासाठी तिची पापणीही हलली नव्हती.

घाटंजीच्या पुढे, डोंगरापलीकडे एक शहर आहे. नकाशात सापडत नाही, पण एसटी जाते. तिथं मेलेल्यांना उठवणारी संस्था आहे. आम्ही तिला उठवणघर म्हणतो. माय तापानं गेली तेव्हा मीच तिला तिथं नेलं. मला माय हवी होती, एवढंच. तिथला नियम साधा. माणूस जन्मभर ज्याच्या हाकेला धावला, त्याच्याच हाकेला उठतो. आणि ज्यानं उठवलं त्याच्याच मागे जातो.

माझी हाक वाया गेली तेव्हा तिथला साहेब हसला. "पोरीचं काम नाही हे. हिच्या मालकाला बोलवा."

मालक लगोलग आला आणि उंबऱ्याबाहेरूनच ती हाक दिली. त्याच्या मुलीचं लग्न तोंडावर होतं आणि गोठ्याला बाई मिळत नव्हती. मायला घेऊन निघताना मला म्हणाला, "काहून रडून राह्यली? तुही माय जित्ती झाली ना?"

मेल्यावरही सुटका नाही. मला लाज वाटली. त्याहून जास्त राग आला.

माय त्याच्या गोठ्यात राबू लागली. जेवत नव्हती. निजत नव्हती. डोळ्याच्या कडेला माशी बसली तरी हाकलत नव्हती. मी रोज कुडापाशी जाऊन तिच्याशी बोलायचे. ती माझ्यातून आरपार बघायची आणि झाडत राहायची. स्वतःच्या मायची भीती वाटणं काय असतं, ते मला विचारा.

हळदीच्या दिवशी अंगण पाहुण्यांनी भरलं होतं. मालकानं हाक दिली, "ए सुभे!" माय निघाली. मी आडवी आले. तिचे गार हात धरले.

"सुभद्राबाई," मी म्हटलं. तिचं पूर्ण नाव मी आयुष्यात पहिल्यांदा घेतलं. "माय, जाऊ नोको. एकडाव नाही म्हन."

"बाजूले हो वं!" मालक गरजला.

"नाही होत." मी तिचे हात सोडले नाहीत.

माय माझ्याकडे बघत राहिली. तिनं मला ओळखलं. खराटा खाली ठेवला. "नाही येत," ती म्हणाली. "जी" नाही, "मालक" नाही. भिंतीला टेकून बसली आणि मेली.

मालकानं साहेबाला बोलावून घेतलं. पुन्हा हाका मारल्या. पाहुण्यांसमोर त्याचा आवाज चिरकला. माय उठली नाही. आमच्या वस्तीनं तिला पांढऱ्या साडीत नेलं.

मला माय अजून हवी आहे. आमचं अंगण झाडताना पाठीमागे दुसऱ्या खराट्याचा आवाज येतो. वळते, तर कोणी नसतं. तरी तिला उठवायला मी पुन्हा जाणार नाही.

मालक आता मला हाक मारतो. "ए पोरी!" मी जागची हलत नाही. दुसऱ्यांदा ओरडला तरी हलत नाही. मेल्यावर न उठण्याची सवय मी जिवंतपणीच लावून घेते आहे. वस्तीतल्या पोरींनाही लावते आहे.