निकालीबाईंचा शेवटचा आठवडा

तक्रार खिडकीवरच्या बाईंना सगळं कार्यालय निकालीबाई म्हणायचं. एकतीस वर्षांत त्यांच्या टेबलावर एकही तक्रार शिल्लक राहिली नव्हती. कागद आला की एक प्रत दुरुस्ती विभागाकडे जायची आणि मूळ कागदावर धाडकन शिक्का बसायचा : निकाली. पुढे खड्डा बुजला की नाही, हे पाहणं त्यांचं काम नव्हतं. कुणाचंच नव्हतं.

निवृत्तीला आठ दिवस उरले होते. निरोपाच्या दिवशी ‘शून्य शिल्लक’चं प्रशस्तिपत्र मिळणार होतं. बाईंनी घरच्या भिंतीवर खिळासुद्धा ठोकून ठेवला होता.

तेवढ्यात नवे साहेब आले. म्हणाले, “उद्यापासून निकाली कागदांतले कुठलेही दहा काढायचे. तक्रारदाराला फोन करून विचारायचं, काम झालं का?”

बाईंनी गठ्ठा चाळायला घेतला. वरून तिसरा कागद सासूबाईंचा! दारासमोरच्या गटाराचं झाकण दोन महिने गायब होतं. ऐंशीच्या सासूबाई रीतसर रांगेत उभ्या राहून तक्रार देऊन गेल्या होत्या, आणि सुनेनं मान वर न करता शिक्का हाणला होता.

बाईंनी घाईघाईनं घरी फोन लावला. “आई, साहेबांनी विचारलं तर काम झालं म्हणा हं.”

“म्हणते की. आधी तू त्या झाकणावर उभी राहून दाखव.”

“झाकण आहेच कुठे?”

“अगं बाई! मग कागदावर कसं बसलं?”

बाईंना हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. तशाच त्या गठ्ठा उचलून साहेबांपुढे गेल्या.

“साहेब, हा कागद खोटा आहे. खालचेही बरेच तसेच असतील. शिक्के माझेच.”

साहेबांनी गठ्ठा बाईंकडे परत सरकवला. मग म्हणाले, “त्यांच्यावर ‘प्रलंबित’चा शिक्का मारा.”

शिक्का शोधायला सगळं कार्यालय लागलं. कपाटं उपसली, खण पालथे घातले. तसा शिक्का कधी बनवलाच नव्हता! शेवटी बाई हातानंच लिहायला बसल्या. मधूनमधून फोन फिरवत होत्या.

“काम झालं का?”

“बाई, तक्रार आठ वर्षांपूर्वीची! मी घरही बदललं. तरी सांगतो, नाही झालं!”

बाईंना इतकी मजा एकतीस वर्षांत आली नव्हती. त्या दिसल्या की दुरुस्तीचे मुकादम जिन्यावरूनच मागे फिरायचे. बाई मागोमाग धावायच्या.

निरोपाच्या दिवशी शिल्लक होती दोनशे बारा. प्रशस्तिपत्र काही मिळालं नाही. बाई घरी आल्या, तर दारासमोर नवंकोरं झाकण, आणि सासूबाई त्यावर काठी आपटत उभ्या.

बाईंनी पर्समधून कागद काढला. “आई, आता तुमची सही झाल्याशिवाय निकाली होत नाही. करा बघू.”

“करते. पण आधी तू उडी मार.”

बाईंनी चपला काढल्या आणि मारली.