फुंकणार आंटी, वाजवणार अंकल

अंधेरीच्या आमच्या गावठाणात माझ्या भिंतीला भिंत लावून बॅगपाइप बनवणारे अंकल राहतात. शिसवी लाकडाला लेथवर ते असं भोक पाडतात, की या टोकाने मुंगी शिरली तर त्या टोकाने गात बाहेर पडते. खोटं वाटत असेल तर मुंगीला विचारा.

गेल्या वर्षी दम्यापायी डॉक्टरने त्यांना फुंकायचीच बंदी केली. नेमका तेव्हा भांडुपच्या एका लग्नाच्या बँडचा बॅगपाइप तयार होऊन पडलेला. आता, नवा बॅगपाइप वाजवून, ऐकून, एकेक भोक जुळवावं लागतं. फुंकल्याशिवाय ते कसं होणार?

"बेसूर माल या दारातून जाणार नाही," अंकल म्हणाले. "लेथ विकून टाकतो. संपलं."

माझ्याने बघवेना. "अंकल, आम्ही मालवणची माणसं. आमचा श्वास म्हणजे वादळ!" म्हणत मी बॅगपाइपची फुंकणी तोंडात घातली. माझे डोळे जुहूपर्यंत जाऊन परत आले. तिकडे कुर्ल्याला सिग्नल लाल झाला म्हणतात.

"सूर डुलतोय रे," अंकलनी कपाळ धरलं. "फुंकतोस का उचक्या देतोस?"

आंटी आतून हात पुसत आली. लग्न झाल्यापासून या आवाजाला ती 'तो रेडा' म्हणत आलेली. "सरक रे बाजूला. चूल फुंकण्यात जन्म गेला माझा." मग नवऱ्याला, "तू बोटं सांभाळ."

कातडी पिशवी अंकलच्या काखेत, फुंकणी आंटीच्या तोंडात. खरी मेख अशी, की फुंकणारा श्वास घेतो त्याच क्षणी पिशवी दाबायची, नाहीतर सूर तुटतो. दोन माणसांना हे जमावं कसं? पण आंटी श्वास कधी ओढते हे अंकलला पाठ! इतकी वर्षं तिच्या श्वासामागून शिव्या आल्यात ना.

सूर तुटला नाही. अंकल एकेका भोकाच्या काठाला मेण लावत, पुन्हा ऐकत. डोळे पाणावलेले. मी म्हटलं, धुळीने असेल.

"आता झाला," शेवटी ते म्हणाले.

"मग लेथ?" मी विचारलं.

आंटीने फुंकणी तोंडातून काढली. "विकतोय कोण? आधी माझ्या मापाची फुंकणी बनव म्हणावं. ही लांब पडते, मान मोडली माझी."

अंकलनी लगेच शिसवीचा तुकडा शोधायला घेतला.